टर्बो डिझेल, १ लाख ते दीड लाख : सांगलीतल्या एका गाडीच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रीडिंग ९७,८५०

आजपासून गाडीची वही वेगळी. आतापर्यंत डिझेल आणि सर्व्हिसच्या नोंदी कामाच्या डायरीतच कुठेतरी लिहीत होतो. त्यानं भागणार नाही हे काल रात्री वॉरंटीचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्यावर कळलं.

माझा धंदा वजनकाट्यांचा. साखर कारखान्यांचे ट्रॅक्टर-ट्रकचे काटे, मार्केट यार्डातले हळदीचे काटे, खडी क्रशरवरचे, कुपवाड आणि शिरवळच्या कंपन्यांतले. लोडसेल, म्हणजे काट्यातला वजन ओळखणारा भाग, बदलायचा, काटा तपासून जुळवायचा आणि पडताळणीच्या शिक्क्यासाठी तयार करून द्यायचा. विश्रामबागेतून सकाळी सातला निघालो की वाळवा, कराड, फलटण, दहिवडी, जत असं कुठेही जावं लागतं. महिन्याला ४,००० किलोमीटर धरून चालायचं, गाळपाच्या तोंडावर आणि हंगामात ४,८०० सुद्धा होतात. डिकीत २० किलोची दहा टेस्ट वेटं कायम.

गाडी २०२२ च्या दिवाळीतल्या पाडव्याला घेतली. दीड लिटरची टर्बो डिझेल, बीएस सहा. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. बहुतेकांची ३ वर्षं आधी भरतात. माझी दोन वर्षांतच लाखाच्या जवळ आली. म्हणजे कागदावर ३ वर्षं लिहिलेली वॉरंटी माझ्यासारख्याला २५ महिनेच मिळते.

वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते. आज ती घेतली. ५ वर्षं किंवा १ लाख ५० हजार. ही वही त्या पुढच्या ५० हजारांसाठी.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दर १०,००० ला सर्व्हिस, वर ५०० ची सवलत, अशी अट आहे. माझी ६० हजारांची सर्व्हिस ६१,३८० ला झालेली आहे. जानेवारी होता, हंगाम ऐन भरात, काटा बंद पडला की कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरची रांग लागते. तेव्हा गाडी सोडायला एक दिवस मिळाला नाही. विक्री करणाऱ्याला मी हे स्वतःहून विचारलं. तो म्हणाला, "काही होत नाही सर, सिस्टीम घेतेय ना." सिस्टीमनं घेतलं, पैसे भरले, पावती चिकटवली आहे.

११ नोव्हेंबर २०२४

तात्यांचं म्हणणं, "टर्बोच्या नादाला लागलास तिथंच चुकलास. साधं इंजिन घ्यायचं." मला ते पटत नाही. पुणे-बेंगळुरू हायवेवरचा झाडून सगळा ट्रक टर्बोवरच चालतो आणि त्यातले कित्येक पाच-सहा लाखांच्या पुढं गेलेत. टर्बोला किलोमीटर मारत नाहीत. त्याला मारतं वाईट ऑइल, अपुरं ऑइल, धूळ, आणि तापलेलं इंजिन तडक बंद करणं.

हे का, ते वहीत एकदाच लिहून ठेवतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या वायूवर एक चक्र फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते हवा दाबून इंजिनात भरतं. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. एवढ्या वेगाला तो धातूवर टेकून फिरूच शकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर आहे तोवर झीज जवळजवळ नाही. थर तुटला की काही सेकंदांचा खेळ.

२६ नोव्हेंबर २०२४, रीडिंग १,००,१९०

एक लाखाची सर्व्हिस झाली. सवलतीच्या आत. बिलावर रीडिंग, तारीख, ऑइलचा ग्रेड नीट आलाय का ते काउंटरवरच वाचून घेतलं. ५डब्ल्यू-३०, सी३. ऑइल ओततानाचा फोटो काढला.

ऑइल मोजायची पद्धत ठरवली. गाडी रात्रभर अंगणातल्या फरशीवर उभी, सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालून काढायची. दोन खुणांमधलं अंतर २२ मि.मी. आहे. त्या दोन खुणांत १ लिटर बसतं. १ लिटर ऑइलचं वजन साधारण ८५० ग्रॅम. म्हणजे काडीवर एक मि.मी. खाली आलं की जवळपास ४० ग्रॅम ऑइल गेलं. टॉप-अप करताना बाटली काट्यावर ठेवून आधी आणि नंतर वजन घ्यायचं. घरात १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहेच.

"थोडं कमी वाटतंय" असं म्हणायची वेळ माझ्यावर यायला नको. मी दुसऱ्यांना आकडा देऊन पैसे घेतो.

१५ डिसेंबर २०२४, रीडिंग १,०३,४००

सातारा ते कागल रस्त्याचं सहापदरीकरण चालू आहे. नांदलापूर, कासेगाव, पेठ, सगळीकडे वळणं, सेवा रस्ते, मुरूम. पुढच्या डंपरनं उडवलेल्या धुळीत वायपर चालवावा लागतो. तिथून उतरून पेठ नाक्यावरून आष्ट्याकडे वळलं की उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, वर पाचटाचे झुबके लोंबताहेत, वेग १५. दुसऱ्या गिअरमध्ये मागं मागं.

एअर फिल्टर उघडला. नवा होता तेव्हा १८२ ग्रॅम भरला होता. आज ३,२०० किलोमीटरवर २११. एकोणतीस ग्रॅम धूळ, पाचटाचे तुकडे आणि एक मेलेली माशी. खालच्या डब्यातली माती हातावर घेतली, बोटांत चोळली, पिठासारखी लागली. साध्या इंजिनापेक्षा टर्बो जास्त हवा ओढतो, आणि फिल्टरच्या कडेनं ही असली माती आत गेली तर दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांच्या कडा कानशीनं घासाव्यात तशा झिजतात. त्यामुळं फिल्टर स्वच्छ आहे की नाही याच्या इतकंच तो डब्यात नीट बसलाय की नाही हे बघायचं. सर्व्हिसमधल्या पोरानं एक क्लिप अर्धीच लावली होती. मी लावली.

हवेच्या प्रेशरनं झाडून फिल्टर पुन्हा घालायचा नाही असं ठरवलं. झाडताना कागद फाटतो. दर ८,००० ला नवाच.

१६ जानेवारी २०२५, रीडिंग १,०८,२१०

शिरवळहून परत येताना खंबाटकी घाटात गाडी मेली म्हणायची इतकी दमली. साताऱ्याहून जाताना बोगदा असतो, येताना जुना घाट चढावा लागतो. तिसऱ्या गिअरला १,८०० फेऱ्यांवर पाय दाबला तर काही नाही. एरवी तिथंच पाठीला रेटा बसतो. डावीकडून फुस्स असा आवाज, आरशात काळा धूर, आणि पिवळा इंजिनचा दिवा. मागून भरलेला ट्रक. घाम फुटला. पहिल्या-दुसऱ्यावर चढलो.

वर आल्यावर मोकळ्या जागी थांबलो, इंजिन एक मिनिट चालू ठेवलं, मगच बंद केलं. एवढ्या तापावर बंद केलं की ऑइलचं फिरणं थांबतं आणि बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल जागीच जळून कोळसा होतं. घाईत माणूस नेमकं हेच विसरतो. मी विसरलो नाही याचं बरं वाटलं.

मोबाइलला जोडायचा स्कॅनर लावला. कोड पी ०२९९. टर्बोचा दाब मागितला त्यापेक्षा कमी. गाडीनं स्वतःला वाचवण्यासाठी डिझेल तोडलं होतं. पुन्हा चालू केल्यावर दिवा तसाच, जोर मात्र थोडा आला. ६० च्या वर न जाता घरी आलो. रात्रीचे साडेअकरा.

१७ जानेवारी २०२५

मिरज रोडच्या मिस्त्रींकडे. त्यांचं आयुष्य डिझेलच्या पंपांत गेलं. खाली वाकून बॅटरी मारली आणि मला बोलावलं. इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोनं दाबलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारा जाड रबरी होज. वरून ठणठणीत. खालच्या बाजूला, जिथं तो एका पट्टीला टेकतो, तिथं ओलसर काळा डाग आणि त्यावर धूळ चिकटून झालेला चिखल. त्यांनी साबणाचं पाणी मारलं, मला रेस द्यायला सांगितलं. बुडबुडे नाही आले, फवाराच आला.

"टर्बो नाही ओ साहेब, होज फाटलाय. पंक्चर झालेली ट्यूब कितीबी हवा भरा, काय उपयोग? उलट पंप दुप्पट राबतोय बिचारा."

खरं आहे. गळती असली की मागितलेला दाब गाठायला टर्बो आणखी जोरात फिरतो. तसाच दामटला तर होजपायी टर्बो जाईल.

मी म्हटलं, मग बदला. त्यांनी हात पुसले. "मी हात लावला की तुमची वॉरंटी गेली म्हणून समजा. आधी फोटो काढा, व्हिडिओ काढा आणि टोचन लावून तिकडं घाला." त्यांच्या खिशात दोन-तीन हजार आले असते. घेतले नाहीत. ही नोंद त्यांच्यासाठी मुद्दाम मोठी लिहिली.

१९ जानेवारी २०२५

वर्कशॉप. सल्लागार तरुण होता, बोलायला चांगला. गाडी वर घेतली, टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढला, मेकॅनिकनं बोटानं दांडा हलवला. "प्ले आहे सर. टर्बो गेला. पूर्ण असेंब्ली." अंदाज ७१,००० अधिक मजुरी.

विचारलं, किती प्ले, म्हणजे दांडा किती सैल? म्हणाला, आहे ना, हलतोय.

मी त्याला तिथंच समजावून सांगितलं, आवाज न चढवता. दांडा ऑइलवर तरंगतो म्हणजे बंद इंजिनात, ऑइल खाली उतरल्यावर, तो आडवा थोडा हलणारच. हलला नाही तर काळजी. बघायचं ते पुढं-मागं हलतो का, आणि पाती घराला घासलीत का. बॅटरी मारून दाखवलं. पात्यांच्या कडा शाबूत, घराच्या आतल्या भिंतीवर चकाकी नाही. होजचा फोटो दाखवला. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं सुईचं साधन, लावून आकडा द्या म्हटलं. गेज नव्हता. कुपवाडच्या लेथवाल्याकडून मी आणून देतो म्हटलं, तर बाहेरचं साधन चालत नाही.

तासाभरानं उत्तर आलं. दावा नामंजूर. कारणं दोन. ६० हजारांची सर्व्हिस ८८० किलोमीटर उशिरा झाली, आणि डिकीतल्या वजनांवरून गाडीचा व्यावसायिक वापर दिसतो.

८८० ऐकून छातीत धस्स झालं. नोव्हेंबरपासून ज्याची भीती होती तेच.

लेखी द्या म्हटलं. लेखी देत नाही म्हणाले. मग जॉब कार्डवर "दावा नामंजूर, कारण…" एवढं लिहून सही-शिक्का द्या, तोवर मी बसतो. संध्याकाळी सहाला मिळालं. गाडी तिथंच ठेवली, त्यांना काहीही उघडायची परवानगी नाही असं कार्डावर माझ्या सहीनं लिहिलं.

२१ जानेवारी २०२५

काल शेजाऱ्याच्या पिकअपमधून वाळव्याला गेलो. तीन तास उशीर. काटेदारानं काही म्हटलं नाही, पण रांगेतले ट्रॅक्टरवाले बघत होते. ऊस तोडल्यापासून प्रत्येक तासाला सुकतो, वजन घटतं. माझ्या उशिराचे पैसे त्यांच्या खिशातून जातात. गाडी माझ्यासाठी चैन नाही हे मला कुणाला पटवून द्यायची वेळ येऊ नये.

रात्री फाइल केली. सर्व्हिसची सगळी बिलं रीडिंगच्या क्रमानं, ऑइलच्या नोंदी, होजचा व्हिडिओ, कोडचा स्क्रीनशॉट, जॉब कार्ड. कंपनीच्या तक्रार पत्त्यावर मेल. मुद्दे तीनच ठेवले.

पहिला, ६१,३८० ला झालेल्या सर्व्हिसचा आणि १,०८,२१० ला पट्टीला घासून फाटलेल्या रबरी होजचा संबंध काय ते लेखी सांगा.

दुसरा, ती उशिराची नोंद १० नोव्हेंबरला तुमच्या कॉम्प्युटरवर होती. ती दिसत असताना वाढीव वॉरंटी विकलीत, पैसे घेतलेत. घेताना जी चूक चालली ती देताना कशी आठवली?

तिसरा, पुस्तकात वगळलंय ते टॅक्सी आणि भाड्यानं दिलेल्या गाडीला. माझी पाटी पांढरी आहे, गाडी मीच चालवतो. २०० किलो वजनं अधिक मी, हे पाच माणसं बसण्यापेक्षा कमीच भरतं.

२३ जानेवारी २०२५

१९१५ वर फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदवून क्रमांक मिळाला, मराठीतून बोलता आलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं, जो जुलै २०२० पासून लागू आहे, तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे कंपनीचं ऑफिस कुठंही असो, माझी तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येईल. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तिथवर जायची इच्छा नाही. पण दार कुठं आहे ते माहीत असलं की माणूस शांतपणे बोलतो.

२८ जानेवारी २०२५, रीडिंग १,०८,२४६

कंपनीचा विभागीय इंजिनिअर आला. वयस्कर, कमी बोलणारा. आधी वही वाचायला मागितली. दहा मिनिटं उभ्यानं वाचली. मग बॅगेतून डायल गेज काढला.

मी शेजारी उभा होतो. दांड्याच्या टोकाला गेजची सुई टेकवली, दांडा आत ढकलला, बाहेर ओढला. सुई हलली न हलली. ०.०५ मि.मी. मर्यादेच्या आत. मग हवेच्या मार्गात धूर सोडला. पंधरा सेकंदांत होजच्या खालून पांढरी शेपटी निघाली, थेट त्या पट्टीपाशी.

टर्बो ठीक. होज आणि क्लिप वॉरंटीत. पट्टी थोडी वाकवून होजपासून दूर केली, मध्ये रबराचा तुकडा. मजुरीसुद्धा घेतली नाही. जाताना एवढंच म्हणाला, "ऑइल ग्रॅममध्ये लिहिणारा माणूस पहिल्यांदा बघितला."

७१,००० चा टर्बो. मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं नसतं आणि मी आकडा मागितला नसता तर धडधाकट टर्बो काढून नवा बसला असता, पैसे माझे गेले असते, आणि फाटका होज तसाच राहून खंबाटकीत पुन्हा तेच झालं असतं. नऊ दिवस गाडीविना गेले त्याची भरपाई नाही. चिडलोय, अजून.

मिस्त्रींना पेढे देऊन आलो.

९ मार्च २०२५, रीडिंग १,१४,६००

काडी वर चढतेय! वरच्या खुणेच्याही ३ मि.मी. वर. ऑइल कमी व्हायचं ते वाढलं म्हटल्यावर कुणाला आनंद होईल, पण ही वाढ डिझेलची आहे. धुराच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी गाडी अधूनमधून जाळते, त्यासाठी जादा डिझेल सोडते. जळणं पुरं व्हायच्या आत इंजिन बंद केलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि टर्बो त्याच ऑइलवर तरंगतोय.

कारण सापडलं. मागचे तीन आठवडे लांबचं काम नव्हतं. सांगली, मिरज, कुपवाड, मार्केट यार्ड, एकेक फेरी सहा-सात किलोमीटरची. हायवेवरची ४,००० किलोमीटर गाडीला जड जात नाहीत, ही गल्लीतली शे-दीडशे जड जातात.

खूण कळायला लागली आहे. उभ्या गाडीत ८०० चे फेरे १,००० च्या आसपास जातात, पंखा जोरात, ॲव्हरेज एकदम पडतं. अशा वेळी दारात आलो तरी बंद करत नाही. तासगाव रस्त्याला पंधरा-वीस मिनिटं मारून येतो. ऑइल वेळेआधी बदलून घेतलं. बिल जपून.

२७ एप्रिल २०२५, रीडिंग १,२१,३००

जत. ऊन अंग भाजणारं. गाडीत काही विशेष नाही. फिल्टर बदलला. काडी ३ मि.मी. खाली.

२९ जून २०२५, रीडिंग १,३०,८५०

ऑइल दर ८,००० ला बदलायचं हे आता पक्कं केलं. पुस्तक १०,००० म्हणतं आणि पुस्तक चुकीचं नाही. पण १०,००० ची मुदत मला ७० दिवसांत गाठते, हंगामात तर ६० च. त्यात एक दिवस चुकला की ५०० ची सवलत दोन-तीन फेऱ्यांत संपते. ८,००० धरलं की चुकायला जागा राहते. वर्षाला एक-दीड सर्व्हिस जास्त. तेवढा खर्च मी काटा दुरुस्तीच्या दरात धरलाय.

२१ ऑगस्ट २०२५, रीडिंग १,३८,७००

कृष्णा फुगली आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. आज दिवसभर सगळ्यांच्या तोंडी फुटाचाच हिशोब. हरिपूरकडचं काम पुढं ढकललं. पाण्यातून गाडी घालायची नाही. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरात गेलं तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्याला वॉरंटी नाही. कारखानदारालाही फोनवर तेच सांगितलं, तो म्हणाला, "नका येऊ, काटाच पाण्यात आहे."

२ नोव्हेंबर २०२५, रीडिंग १,४८,३९०

वॉरंटी संपायला १,६१० किलोमीटर. आजच गाडी वर्कशॉपला लावली आणि लेखी अर्ज दिला. टर्बो, होज, ऑइलचे पाइप, इंटरकूलर, सगळं तपासून कार्डावर लिहून द्या. संपल्यावर सापडलेला दोष माझा, संपायच्या आत सापडलेला त्यांचा.

तोच सल्लागार. यावेळी त्यानं स्वतः बॅटरी घेतली आणि मला बोलावलं, "सर, हे बघा." टर्बोतून ऑइल खाली परत नेणाऱ्या पाइपच्या गॅस्केटला नखाएवढा ओलावा. पडलेला थेंब नाही, नुसती ओल. सहा महिन्यांनी थेंब झाला असता. गॅस्केट वॉरंटीत बदललं. धुराची चाचणी झाली, कुठंही शेपटी नाही. आणि गेज! नवीन डायल गेज घेतलाय त्यांनी. ०.०५, जानेवारीत होता तोच आकडा.

त्याला म्हटलं, आता माझं काही मागणं नाही. तो हसला. मीही.

१६ नोव्हेंबर २०२५, रीडिंग १,५०,०४०

काल संध्याकाळी पेठ-आष्टा रस्त्याला, उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं, दुसऱ्या गिअरमध्ये आकडा फिरला. फोटो काढायला बाजूला थांबलो तर मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काय झालं दादा, बंद पडली व्हय?"

५० हजारांत टॉप-अप केलेलं एकूण ऑइल ४१० ग्रॅम. आज सकाळी काडी वरच्या खुणेच्या २ मि.मी. खाली. पुढचं ऑइल १,५५,५०० ला. होज पट्टीपासून बोटभर लांब, रबराचा तुकडा जागेवर. उद्या कुंडल.